घड्याळजींचे शास्त्र : मनगटी घड्याळाच्या दुरुस्तीचा इतिहास

भारतातील घड्याळ-उद्योगाचा इतिहास बहुधा १९६१ पासून सांगितला जातो, कारण त्या वर्षी हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. उत्पादनाच्या दृष्टीने हा आरंभ रास्त असला, तरी घड्याळाविषयीच्या ज्ञानाच्या दृष्टीने तो फार उशिराचा आहे. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे युरोप-अमेरिकेत तयार झालेली घड्याळे मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांतून देशात उतरत होती, आणि कारखाना समुद्रापार असल्यामुळे ती चालती ठेवण्याचे काम इथल्या घड्याळजींकडे येत होते. हे यंत्र कशाने चालते, कशाने थांबते आणि कोणत्या ऋतूत त्याचा कोणता भाग दगा देतो, हे या देशाने प्रथम जाणले ते दुरुस्तीच्या टेबलावर. त्यामुळे मनगटी घड्याळाच्या नेहमीच्या दोषांचा आणि त्यांवरील उपायांचा इतिहास हा भारतातील सूक्ष्म यंत्रविद्येच्या इतिहासाचाच एक आरंभीचा अध्याय ठरतो.

या अध्यायात मुंबईचे स्थान मध्यवर्ती आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावू लागली, पाठोपाठ कापडगिरण्यांचे भोंगे वाजू लागले, कचेऱ्या, न्यायालये आणि शाळा ठरलेल्या वेळी भरू लागल्या, आणि घड्याळ ही श्रीमंतांची हौस न राहता नोकरदाराची गरज बनू लागली. फाव्र-ल्यूबा या स्विस कंपनीने १८६५ पासून मुंबईत आपला व्यापार उभा केला, १८८० च्या दशकात वेस्ट एंड वॉच कंपनीने मुंबईत जम बसवला, आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरवर लंडनच्या लुंड अँड ब्लॉकली या कारखान्याचे घड्याळ बसले. शहराची वेळ मात्र एक नव्हती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची स्थानिक वेळ १९५५ पर्यंत व्यवहारात टिकून राहिली. गिऱ्हाइकाचे घड्याळ दुरुस्त केल्यावर काटे रेल्वेच्या वेळेला जुळवायचे की शहराच्या, हा प्रश्न अर्धशतकभर मुंबईच्या घड्याळजीच्या रोजच्या कामाचा भाग होता.

दुरुस्तीचा इतिहास समजण्यासाठी किल्लीच्या घड्याळाची रचना थोडक्यात ध्यानात घ्यावी लागते. किल्ली दिली की एका चपट्या गोल डबीत गुंडाळलेली पोलादी पट्टी ताणली जाते. ही मेनस्प्रिंग म्हणजे घड्याळाच्या शक्तीचा साठा होय. ती उलगडू लागली की तिची शक्ती दात्यांच्या चक्रांच्या मालिकेतून पुढे जाते, आणि मालिकेच्या शेवटी असलेली एस्केपमेंट ही रचना त्या शक्तीला एकेक दाता सोडत, मोजून वाट देते. घड्याळाची टिकटिक ती याच सुटण्याची. किती वेगाने सोडायचे हे ठरवते बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झोके घेणारे एक चाक, आणि त्याला दर झोक्यानंतर परत खेचते ती हेअरस्प्रिंग, म्हणजे केसासारखी बारीक, सर्पिलाकार कमान. बॅलन्सला ही कमान जोडण्याची कल्पना ख्रिस्तियान हायगेन्सने १६७५ मध्ये प्रत्यक्षात आणली, आणि तेव्हापासून खिशातल्या घड्याळाकडून मिनिटांचा अचूकपणा अपेक्षिता येऊ लागला. विसाव्या शतकातील बहुतेक मनगटी घड्याळांचा बॅलन्स सेकंदाला पाच ठोके, म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके घेतो. असे घड्याळ दिवसाला अर्धे मिनिट चुकले तर गिऱ्हाईक ते दुरुस्तीला आणते, पण ८६,४०० सेकंदांत ३० सेकंदांची चूक म्हणजे शेकडा ०.०३५ सुद्धा नव्हे. इतकी सूक्ष्म तफावत हातातल्या चिमट्याने आणि डोळ्याला लावलेल्या भिंगाने शोधून काढणे, हे घड्याळजीचे काम होते.

मनगटी घड्याळाचा स्वतःचा असा पहिला दोष त्याच्या जागेतूनच उद्भवला. एकोणिसाव्या शतकात मनगटावरचे घड्याळ हा मुख्यतः स्त्रियांचा दागिना होता; पुरुषांचे घड्याळ साखळीला अडकवून खिशात असे. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला खिशात हात घालून वेळ पाहणे परवडेना, आणि युद्धानंतर मनगटी घड्याळ सर्वत्र रूढ झाले. खिशातल्या कापडाचा आधार सुटताच यंत्र हाताबरोबर हेलकावू लागले, भिंतीवर आपटू लागले, दगडी फरशीवर पडू लागले. त्याचा पहिला आघात बसे बॅलन्सच्या आसावर, ज्याला धंद्यात बॅलन्स स्टाफ किंवा नुसता स्टाफ म्हणतात. घर्षण कमी राहावे म्हणून या आसाची दोन्ही टोके मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी, कधी त्याहूनही, बारीक ठेवलेली असतात आणि ती कृत्रिम माणकांच्या छिद्रांत फिरतात. माणकांत भोक पाडून त्यांचा आधार म्हणून वापर करण्याची कला १७०४ मध्ये लंडनमध्ये पेटंट झाली होती, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी व्हर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम माणिक बनवण्याची स्वस्त पद्धत जाहीर केल्यावर ही माणके, म्हणजे ज्वेल, सामान्य घड्याळातही बसू लागली. माणिक झिजत नाही, पण धक्का शोषूही शकत नाही. त्यामुळे घड्याळ पडले की स्टाफचे टोक वाकते किंवा मोडते, आणि बॅलन्स लंगडत थांबतो.

मोडलेल्या स्टाफची दुरुस्ती ही घड्याळजीच्या कौशल्याची कसोटी मानली जाई. तयार स्टाफ मिळाला नाही, तर पोलादाची काडी लहान लेथवर धरून, कित्येकदा धनुकलीच्या दोरीने फिरवून, तासून नवा आस बनवावा लागे. नंतर तो कडक करून, पाणी देऊन, टोके झिलई करून बॅलन्समध्ये रिव्हेट करावा लागे, आणि शेवटी बॅलन्स कोणत्या बाजूला जड आहे हे पाहून त्याचा तोल साधावा लागे. या दोषावरचा कायमचा उपाय कारखान्यांकडून आला. अब्राहम-लुई ब्रेगेने अठराव्या शतकाच्या अखेरीसच बॅलन्सच्या टोकांना स्प्रिंगचा आधार देऊन धक्का शोषण्याची युक्ती काढली होती, पण ती सर्वसामान्य घड्याळांत उतरली १९३० च्या दशकात, जेव्हा इन्काब्लॉक ही रचना बाजारात आली. तिच्यात माणिक एका छोट्या स्प्रिंगखाली मोकळे बसवलेले असते. धक्का बसला की ते क्षणभर सरकते, आसाचा जाड भाग कडेला टेकतो आणि बारीक टोक वाचते. १९५० नंतर तबकडीवर ‘इन्काब्लॉक’ किंवा ‘शॉकप्रूफ’ असे शब्द छापलेले घड्याळ गिऱ्हाईक मुद्दाम मागू लागले, आणि त्याच प्रमाणात स्टाफ तासण्याचे काम कमी होत गेले.

मेनस्प्रिंगचा दोष याहून सोपा आणि अधिक नेहमीचा होता. जुन्या मेनस्प्रिंगा कार्बन पोलादाच्या, निळसर पाणी दिलेल्या असत. वर्षानुवर्षे ताणल्याने त्या थकत आणि पूर्ण उलगडेनाशा होत, गंज चढला की तडकत, आणि हवेतल्या बदलाच्या दिवसांत अधिक तुटतात असा घड्याळजींचा जगभरचा अनुभव होता. स्प्रिंग एकाएकी तुटली की साठलेली शक्ती उलट दिशेने सुटते, आणि कधीकधी शेजारच्या चक्राचे दातेही मोडते. म्हणून जाणता घड्याळजी नवी स्प्रिंग घालून थांबत नसे, तर सारी मालिका उघडून दाते तपासत असे. स्प्रिंग बाहेरच्या टोकाशी तुटली असेल आणि नवी मिळत नसेल, तर ते टोक तापवून मऊ करायचे, त्याला नवा आकडा वळवायचा आणि थोडी आखूड झालेली स्प्रिंग परत डबीत बसवायची, अशी काटकसरीची पद्धत होती; तिने घड्याळ चाले, मात्र एका किल्लीत पूर्वीइतके तास चालत नसे. विसाव्या शतकाच्या मध्यावर न गंजणाऱ्या मिश्रधातूंच्या स्प्रिंगा आल्या, ज्या क्वचितच तुटतात. धंद्यातले एक हमखास उत्पन्न त्यामुळे आटले.

सर्वांत मोठा आणि आजही न सुटलेला दोष मात्र मोडतोडीचा नव्हे, तेलाचा आहे. घड्याळाच्या प्रत्येक टोकाला तेलाचा एक अतिसूक्ष्म थेंब लागतो, आणि तो थेंब जागेवर राहिला पाहिजे, पसरता कामा नये, सुकता कामा नये. एकोणिसाव्या शतकात यासाठी डॉल्फिनवर्गीय पॉरपॉइज या सागरी सस्तन प्राण्याच्या जबड्यातून काढलेले तेल उत्तम मानले जाई आणि अमेरिकेतील न्यू बेडफर्ड हे त्याच्या व्यापाराचे केंद्र होते. युरोपात मोबियस कंपनी १८५५ पासून घड्याळांची तेले बनवत होती. प्राणिज तेल कालांतराने आंबते, चिकट होते आणि धातूवर हिरवट थर सोडते. उष्ण हवेत ही क्रिया लवकर घडते, आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यातील दमट, खारट हवा तिला गंजाची जोड देते, तर देशावरची उन्हाळी धूळ बारीक फटींतून शिरून त्या चिकट तेलात बसते आणि पोलादी टोके झिजवते. युरोपात लिहिलेल्या दुरुस्तीच्या पुस्तकांत घड्याळ दर काही वर्षांनी उघडून साफ करावे असे सांगितलेले असे. इथल्या हवेत तो काळ आखूड होणे अपरिहार्य होते. भारतीय घड्याळजीच्या कामाचा मोठा भाग म्हणूनच साफसफाईचा राहिला. यंत्राचे सगळे भाग सुटे करायचे, पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने धुवायचे, टोकदार लाकडी काडी माणकाच्या छिद्रात फिरवून जुने तेल खरवडायचे, काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा करायचे, आणि मग सुईच्या अग्राने मोजके तेल द्यायचे, हा क्रम उस्तादाच्या शेजारी बसून शिकला जाई. तेल कमी देण्यापेक्षा जास्त देण्याची चूक नवशिक्याकडून अधिक होते, आणि तीच अधिक नुकसान करते, कारण जादा थेंब पसरून हेअरस्प्रिंगपर्यंत पोहोचला की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ तासाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागते.

हेअरस्प्रिंगला चिकटवणारे दुसरे कारण विजेबरोबर आले. जुन्या पोलादी हेअरस्प्रिंगा चुंबकत्व पटकन धरत; कारखान्यातील मोटारी, ध्वनिक्षेपक, पुढे रेडिओ आणि घरगुती उपकरणे यांच्या जवळ गेलेले घड्याळ विनाकारण भरधाव चालू लागे. दोष ओळखण्याची रीत सोपी होती: घड्याळ होकायंत्राजवळ नेऊन सुई थरथरते का ते पाहायचे. उपायही सोपा होता. आलटता विद्युतप्रवाह वाहणाऱ्या वेटोळ्यात घड्याळ धरून ते हळूहळू दूर न्यायचे, म्हणजे चुंबकत्व विरून जाते. तापमानामुळे पडणारा फरक मात्र टेबलावर दुरुस्त होण्यासारखा नव्हता, कारण उन्हात पोलादी स्प्रिंग मऊ पडते आणि घड्याळ मागे पडते. शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ मध्ये इन्वार आणि नंतर एलिन्वार हे तापमानाला दाद न देणारे मिश्रधातू शोधले, ज्यासाठी त्यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३० च्या दशकात आलेल्या निवारॉक्स मिश्रधातूने तापमान, गंज आणि चुंबकत्व या तिन्ही शत्रूंना एकदम आवर घातला. पाण्याचा प्रश्नही याच काळात हाताळला गेला. किल्लीचे बटण आणि त्याची दांडी जिथून आत जाते ती फट हा पाण्याचा मुख्य मार्ग असतो. रोलेक्सने १९२६ मध्ये आटे पाडून घट्ट बसणारे बटण आणि झाकण असलेली ‘ऑयस्टर’ पेटी आणली. सामान्य घड्याळांना ही सोय पुष्कळ उशिरा मिळाली, आणि काचेखाली बाष्प धरलेले, दांडी गंजून अडकलेले घड्याळ हे पावसाळ्यातील ठरलेले काम म्हणून दीर्घकाळ टिकले.

दोष ओळखणे एक आणि सुटा भाग मिळवणे दुसरे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रत्येक घड्याळ हाताने जुळवलेले असल्यामुळे एकाचा भाग दुसऱ्यात बसत नसे, आणि दुरुस्ती करणारा अर्धा निर्माताच असावा लागे. अमेरिकेतील वॉल्थॅम येथे १८५० च्या दशकापासून यंत्रांवर एकसारखे भाग बनवण्याचे प्रयत्न सुरू झाले, १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात त्यांचे यश पाहून स्विस कारखानदार धास्तावले आणि त्यांनीही तो मार्ग धरला. पुढे स्वित्झर्लंडमध्ये ए. शील्ड, एफएचएफ, युनिटास, ईटीए अशा काही मोजक्या कारखान्यांनी बनवलेली यंत्रेच शेकडो नाममुद्रांच्या घड्याळांत बसू लागली. तबकडीवर नाव कोणतेही असो, बॅलन्सखाली यंत्रावर कोरलेला कॅलिबर क्रमांक वाचला की योग्य भागाचे पाकीट मागवता येऊ लागले. भारतीय घड्याळजीच्या हाती ही फार मोठी सत्ता आली. परदेशी नावांच्या गर्दीत आतली मोजकी घराणी ओळखणे हे त्याचे खास ज्ञान बनले.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर कडक निर्बंध आले, स्विस घड्याळे चोरट्या मार्गाने मुंबईच्या किनाऱ्यावर उतरू लागली, आणि सुट्या भागांची टंचाई निर्माण झाली. या टंचाईला धंद्याने दिलेले उत्तर म्हणजे एका घड्याळातून दुसरे जगवणे. दुरुस्तीपलीकडे गेलेल्या यंत्राचे चांगले भाग काढून ठेवले जात, पेट्या पुन्हा घासून चकाकवल्या जात, डागाळलेल्या तबकड्या खरवडून नव्याने रंगवल्या आणि छापल्या जात. पुढे अशीच जोडजमव केलेली घड्याळे विक्रीसाठी मुंबईतून बाहेर पडली आणि जगभरच्या संग्राहकांत मुंबईच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मूळ अवस्थेतील घड्याळ शोधणाऱ्याला ती नकोशी वाटतात, आणि रंगवलेले घड्याळ अस्सल म्हणून विकणे ही फसवणूकच आहे. पण या कारागिरीचा उगम टंचाईत आहे आणि यंत्र टाकून न देण्याच्या संस्कृतीत आहे, हे इतिहासाने नोंदवले पाहिजे.

एचएमटीच्या आगमनाने हे चित्र बदलले. ‘जनता’सारखे १७ ज्वेलचे, हाताने किल्ली द्यायचे घड्याळ लाखो मनगटांवर पोहोचले, त्याच्या देवनागरी आकड्यांच्या तबकड्याही निघाल्या, आणि देशातच बनलेले एकसारखे सुटे भाग तालुक्याच्या गावापर्यंत मिळू लागले. अनेक नावांच्या आणि अनेक कॅलिबरांच्या जंगलातून वाट काढणारा घड्याळजी आता एका परिचित यंत्रावर हात बसवू शकत होता, आणि कमी भांडवलात, एक लहान टेबल, काचेची पेटी आणि हत्यारांचा डबा एवढ्यावर, बाजारपेठेच्या कोपऱ्यात धंदा मांडू शकत होता. एचएमटीचे यश विक्रीच्या आकड्यांत मोजले जाते, परंतु ते घड्याळ पिढीजात वापरले गेले याचे श्रेय त्याला दर काही वर्षांनी धुऊन तेल देणाऱ्या या हजारो टेबलांनाही द्यावे लागेल.

१९६९ च्या नाताळात जपानच्या सायको कंपनीने ‘अॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि दोषांचा सारा हिशेबच बदलून गेला. क्वार्ट्झ घड्याळात मेनस्प्रिंगऐवजी सेल, आणि बॅलन्सऐवजी विजेने कंप पावणारा गारेचा स्फटिक असतो. पुढे रूढ झालेल्या रचनेत तो सेकंदाला ३२,७६८ कंपने घेतो. अचूकता महिन्याला काही सेकंदांपर्यंत आली आणि किंमत झपाट्याने उतरली. स्विस उद्योगातील रोजगार १९७० च्या सुमारास ९०,००० च्या आसपास होता, तो पंधरा-सोळा वर्षांत एक-तृतीयांशावर आला. भारतात टाटा समूह आणि तामिळनाडू औद्योगिक विकास महामंडळ यांनी १९८४ मध्ये उभ्या केलेल्या टायटनने होसूरच्या कारखान्यातून क्वार्ट्झवर भर दिला, किल्लीच्या घड्याळांवर उभी असलेली एचएमटी मागे पडत गेली, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. दुरुस्तीच्या टेबलावरचे दोषही निराळे झाले: सेल संपणे, जुना सेल आतच पाझरून तांब्याच्या पट्ट्या खाऊन टाकणे, गुंडाळीची तार तुटणे. यांतील पहिल्याला क्षणभराचे काम लागते, आणि बाकीच्यांत सारे यंत्रच बदलणे नव्या भागांच्या किमतीत स्वस्त पडते. ज्या धंद्यात शिकायला वर्षे लागत, त्याची कमाई पट्टे आणि सेल विकण्यावर येऊन ठेपली.

असे असूनही किल्लीची आणि स्वयंचलित घड्याळे संपली नाहीत. नवी महागडी बनतात, जुनी कपाटांतून पुन्हा मनगटांवर येतात, आणि त्यांचा सर्वांत जुना दोष, म्हणजे सुकलेले तेल, आजही हातानेच दूर करावा लागतो. कारखान्यांनी स्टाफ वाचवला, स्प्रिंग अतूट केली, चुंबकाला आणि पाण्याला अडवले. घर्षण मात्र त्यांना नाहीसे करता आले नाही. तेलाचे हे काम जोपर्यंत आहे तोपर्यंत घड्याळजीच्या ज्ञानाची गरज आहे, आणि ते ज्ञान देणारे उस्ताद मात्र झपाट्याने कमी होत आहेत.

या ज्ञानाची साधने अद्याप हाताशी आहेत, आणि त्यांतील सर्वांत बोलकी साधने घड्याळांच्या आतच आहेत. काम पूर्ण झाल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूस सुईने आपली खूण, कधी तारीख आणि पावती क्रमांक कोरून ठेवण्याची रीत घड्याळजींत सर्वत्र होती, जेणेकरून तेच घड्याळ परत आले तर मागचे काम कोणी आणि केव्हा केले हे कळावे. एका जुन्या घड्याळाच्या झाकणात अशा अनेक खुणा एकाखाली एक सापडतात, आणि त्यांवरून ते किती वर्षांनी उघडले गेले, किती हातांतून गेले आणि किती काळ वापरात राहिले याचा माग काढता येतो. या खुणा, भागांची पाकिटे, पावत्यांची पुस्तके आणि धनुकलीचे लेथ यांची नोंद संग्रहालयांनी, विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी आणि स्थानिक अभ्यासकांनी आताच केली पाहिजे. कारखान्यांचे दप्तर कंपन्या आणि सरकार सांभाळते. दुरुस्तीचे दप्तर कोणी सांभाळत नाही, आणि त्याविना भारताने हे यंत्र कसे आत्मसात केले हे सांगताना केवळ उत्पादनाचे आकडे हाती उरतील, यंत्र समजून घेणारी माणसे त्यातून वगळली जातील.